ही बाई काहून रडून राहिली?

गाण्याच्या ज्या ग्रुपबद्दल मी हे सगळं चिडून लिहिते आहे, त्या ग्रुपवर मी अर्धं आयुष्य जीव टाकला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे 'या काकूंना त्या संगीतातलं काय कळतंय' असं कुणी म्हणायला नको. मला कळतं. त्यांच्या पहिल्या सीडीवर कुठल्या गाण्यात कुठे सुई खरखरते तेही मला पाठ आहे.

मी अकोल्याची. इंजिनिअरिंग पुण्यात केलं. हॉस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात मी 'माहा टॉवेल कोनं नेला' असं ओरडले आणि सगळा मजला हसला. दिवाळीपर्यंत मी घासूनपुसून 'माझा', 'तुझा', 'मला', 'तुला' म्हणायला शिकले होते. वऱ्हाडी उरली ती फक्त आईशी फोनवर बोलण्यापुरती, आणि तेव्हाही मी आवाज खाली आणायचे. तिथून पुढे शिकायला ओहायोत, कोलंबसला आले.

तिथली माझी रूममेट क्लीव्हलंडची होती, नर्सिंगची विद्यार्थिनी. तिच्याकडे सीडींचं मोठं खोकं होतं. एका रविवारी मी कढई घासत होते आणि तिने या ग्रुपची पहिली सीडी लावली. इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या एका बंदराच्या शहरातली ही माणसं. दोन पुरुष मशिनवर आणि एक बाई गायला. या प्रकाराला ट्रिप-हॉप म्हणतात हे मला नंतर कळलं. संथ, जड ठेका, जुन्या रेकॉर्डींवरून उचललेले तुकडे जोडून केलेलं संगीत आणि वर ती बाई, जणू आपल्याशीच बोलल्यासारखी गाणारी. आमच्या घरी भावगीतं आणि सिनेमाची गाणी एवढंच माहीत. हे ऐकून मी नळ बंद केला आणि ओल्या हातांनी उभी राहिले.

तिसरं गाणं सुरू झालं. आधी जुन्या रेकॉर्डची खरखर. मग कुठून तरी लांबून एका बाईचा आवाज, साथीला काही नाही. "पायना हालते..."

पायना! पाळणा नाही, पायना. आमच्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी 'ळ'चा 'य' होतो. डोळे म्हणजे डोये, काळी म्हणजे कायी. ज्या बोलीवरून पुण्यात मला हसले, त्या बोलीतला शब्द ओहायोच्या त्या भाड्याच्या खोलीत स्पीकरमधून येत होता.

"ही आमची भाषा आहे," मी म्हटलं.

"मला वाटतं बल्गेरियन आहे," रूममेट म्हणाली.

"अगं, मराठी आहे. मराठीतही आमच्या भागातली."

"कूल," ती म्हणाली आणि नखं रंगवत राहिली.

त्या पहिल्या शब्दांनंतर ढोल पडायचा आणि बाईचा आवाज त्याच्याखाली दबायचा. उरायचा एक तुकडा, 'कामा'. तो तुकडा ते पुन्हा पुन्हा वाजवायचे. कामा, कामा, कामा. गाण्याचं नावच 'कामा' होतं. मी आपल्या मनाने अर्थ लावला. पाळणा हलतोय आणि आई कामाला निघालीय. मजुरीला जाणाऱ्या बाईची अंगाई. मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा! भेटेल त्याला धरून ऐकवायचे.

पुढची वर्षं त्या ग्रुपच्या आणि माझ्या आयुष्यात बरोबरीनेच गेली. त्यांची दुसरी सीडी आली तेव्हा मला ओहायोतल्याच डब्लिनला नोकरी लागली होती, कोलंबसच्या शेजारी, मक्याच्या शेतांच्या कडेला उभ्या राहिलेल्या एका ऑफिसात. ती सीडी जास्त काळोखी होती, जास्त चांगली होती. मग भांडणं सुरू झाली. मासिकांत मुलाखती यायच्या त्या दोघा पुरुषांच्या. ते त्या गाणाऱ्या बाईला नावाने हाक मारायचे नाहीत, 'द व्हॉइस' म्हणायचे. कव्हरवर त्यांची दोघांची नावं, तिचं आत बारीक अक्षरांत. गाण्याचे शब्द ती लिहायची, चाली पुष्कळदा तिच्या असायच्या, हे मला इतक्या वर्षांनी ठाऊक झालं. शेवटी ती ग्रुप सोडून गेली. त्यांनी भाड्याचे आवाज आणून तिसरी सीडी काढली, ती चालली नाही आणि मग बरीच वर्षं सामसूम. तोवर माझं लग्न झालं होतं, मुलगी झाली होती आणि नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही न्यू जर्सीत, पार्सिपनीला आलो होतो.

ग्रुप मोडला पण 'कामा' मेलं नाही. ते पसरतच गेलं. योगाच्या क्लासमध्ये ऐकलं, मसाज पार्लरमध्ये ऐकलं, मॉलमध्ये बायकांच्या आतल्या कपड्यांच्या दुकानात ऐकलं. इंटरनेटवर लोक वाद घालायचे की ही कुठली भाषा. कुणी म्हणे तुर्की विलाप, कुणी म्हणे अरबी प्रार्थना, कुणी संस्कृत मंत्र. शेवटी 'कामा' या शब्दावरून एकमत झालं. काम, कामदेव, कामसूत्र! म्हणजे हे शृंगाराचं गाणं. एका मुलाखतीत त्या दोघांपैकी एकाने सांगितलं की ती रेकॉर्ड त्याला भंगाराच्या दुकानात मिळाली, लेबल फाटलेलं होतं, आणि स्टुडिओत ते त्या बाईला 'भूत' म्हणायचे. हसत हसत सांगितलं होतं त्याने. तेव्हा मला पहिल्यांदा खटकलं. मी एका ठिकाणी लिहिलंही, बाबांनो, ही मराठी अंगाई आहे. खाली कुणीतरी उत्तर दिलं, 'नाइस ट्राय'.

मग आई आली. माझी आई बँकेतून निवृत्त झालेली, वडील गेल्यापासून उन्हाळ्यात आमच्याकडे येऊन राहते. रूट ४६ वर एका टायरच्या दुकानात मी गाडी घेऊन गेले होते आणि घरी कंटाळते म्हणून तीही आली होती. आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. भिंतीवर टीव्ही होता. त्यावर एका महागड्या गाडीची जाहिरात लागली. धुक्यातून समुद्राकाठाने जाणारी काळी गाडी, चालवणारा देखणा पुरुष, शेजारी केस उडणारी बाई. आणि मागे 'कामा'. पण या वेळी पहिल्या शब्दांनंतर ढोल पडला नाही. जाहिरातीसाठी त्यांनी तो काढून टाकला होता.

आई वाचत होती ते मासिक तिने मांडीवर ठेवलं.

"ही बाई काहून रडून राहिली?" तिने विचारलं.

"रडत नाही गं, ते माझं आवडतं गाणं आहे. अंगाई आहे आपल्याकडची."

"अंगाई? मले ऐकू आलं नं. रिकामा म्हनते ते. पायना हालते रिकामा." आई माझ्याकडे बघत राहिली. "आन् हे लोक काय इकून राहिले त्याच्यावर? गाडी?"

रिकामा. 'कामा' असा शब्दच नव्हता. त्यांनी 'रिकामा' मधून 'रि' कापून टाकला होता आणि उरलेल्या शेपटाचा कामदेव करून जगभर विकला होता.

घरी आल्यावर मी मुलीला खोलीतून बोलावलं. ती कॉलेजच्या सुटीसाठी घरी होती. हल्ली गाण्यातला ढोल वेगळा आणि आवाज वेगळा करता येतो. तिने लॅपटॉपवर ते केलं. गाणं संथ करायला त्यांनी त्या बाईचा आवाज ओढून जाड केला होता, तोही तिने मूळच्या वेगावर आणला. आणि आमच्या स्वयंपाकघरात एक अगदी कोवळी मुलगी गायला लागली. भूत कसलं, विशीतली पोर असेल. आई टेबलावर वाकून ऐकत होती. पुन्हा लाव, पुन्हा लाव, असं करत आम्ही दोन ओळी काढल्या.

पायना हालते रिकामा, दोरी माह्या हाती,
लेकरू माहं निजलं बाई, काय्या मातीपोटी.

काळ्या मातीच्या पोटात. आईने चष्मा काढला. मुलीने आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "मॉम, व्हॉट डझ इट मीन?"

मी सांगितलं. तिने लॅपटॉप मिटला. "पण हे तर स्पामध्ये लावतात," ती इंग्रजीत म्हणाली. "दॅट्स सिक."

"ऑफिसात कोनाले तरी सांग नं," आई म्हणाली. तिला वाटत होतं, असं काही घडलं की कुणीतरी साहेब असतो आणि त्याला जाऊन सांगितलं की तो दुरुस्त करतो. मी त्या ग्रुपचं काम बघणाऱ्या कंपनीला ईमेल केली. गाण्याचे शब्द, अर्थ, सगळं नीट लिहिलं. आपोआप येणारं उत्तर आलं की तुमच्यासारखे चाहते आम्हाला मोलाचे वाटतात.

यानंतर थोड्याच दिवसांत पार्सिपनीतल्याच एका अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये डोहाळजेवण होतं. गरोदर मुलगी नागपूरची, तिचा नवरा पुण्याचा, दोघंही जर्सी सिटीत राहणारे, दोघांनाही बँकांच्या आयटीत नोकऱ्या. तिची मावशी माझी मैत्रीण, म्हणून हॉल आमच्या गावात घेतला होता. हिरवी साडी, फुलांचे दागिने, भाड्याने आणलेला झोपाळा, त्याला गुंडाळलेल्या झेंडूच्या माळा. सगळं छान चाललं होतं. ओटी भरून झाली, मुलीला झोपाळ्यावर बसवलं, दोन मैत्रिणी झोके द्यायला लागल्या आणि तिच्या नवऱ्याने फोनवरून जोडलेल्या स्पीकरवर गाणं बदललं.

पायना हालते...

पन्नासेक मराठी माणसं होती त्या हॉलमध्ये. कुणाचं लक्ष नव्हतं. कुणी बर्फीचा आणि पेढ्याचा खेळ मांडत होतं, कुणी फोटो काढत होतं. आणि ती पोरगी पोटावर हात ठेवून हसत झोके घेत होती, आणि वर त्या दुसऱ्या पोरीचा आवाज, पाळणा रिकामा आहे म्हणून सांगणारा. मी तीन खुर्च्या ओलांडून गेले आणि स्पीकरची वायर भिंतीतून ओढून काढली.

मुलीचा नवरा धावत आला. "काकू, काय झालं? मस्त व्हाइब होता ना यार!"

व्हाइब! मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण त्याची काय चूक? आणि मी सांगणार तरी काय? सात महिन्यांच्या गरोदर मुलीसमोर त्या ओळींचा अर्थ सांगू? त्या क्षणी मला इंग्लंडातल्या त्या दोघा पुरुषांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नसेल. त्यांनी मला अशा जागी आणून उभं केलं होतं की खरं बोलायची सोय नव्हती.

"आवाज फार मोठा होता," मी म्हटलं. "माझं डोकं दुखतंय."

मैत्रीण मला बाजूला घेऊन गेली. "अगं, कार्यक्रम कुणाचा आहे? आणि तू वायर काय ओढतेस?" तिच्या बहिणीने, म्हणजे मुलीच्या आईने, माझ्याशी निघेपर्यंत बोलणं टाळलं. संध्याकाळी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर डोक्याला बाम लावलेल्या बाईचं चित्र फिरलं. मैत्रिणीला मी नंतर एकटीला गाठून खरं सांगितलं. ती हादरली. पण मग म्हणाली, "अगं, पण लोकांना कुठे एवढं कळतं? तू जास्तच मनाला लावून घेतेस."

लोकांना कळत नाही, हे खरं. तेच मला सहन होत नव्हतं. आपल्याच भाषेतली बाई आपल्याच कानांशी ओरडतेय आणि तिच्याभोवती इतकं धुकं सोडून ठेवलंय की आपल्यालाही ती परदेशी वाटते.

त्याच वर्षी ग्रुप पुन्हा एकत्र आल्याची बातमी आली. पहिल्या सीडीला इतकी वर्षं झाल्याचा सोहळा, अमेरिकेत दौरा, आणि गाणारी बाईही परत येणार होती. न्यूयॉर्कच्या कार्यक्रमाच्या दुपारी ब्रुकलिनमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानात तिघंही चाहत्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणार होते. नवरा म्हणाला, "जाऊन काय मिळणार?" मुलगी म्हणाली, "आय अॅम कमिंग विथ यू." आम्ही जर्सी सिटीत गाडी लावली आणि ट्रेनने नदीपलीकडे गेलो.

दुकान भरलं होतं. बहुतेक माझ्याच वयाची माणसं, काळे कपडे, पिकलेल्या दाढ्या. दाराशीच टी-शर्ट विकायला होते. त्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं 'पायना हाला तेरी कामा' आणि खाली कमळात बसलेली अर्धनग्न बाई. माझी मुलगी तो टी-शर्ट हातात धरून उभीच राहिली. मी तिच्या हातातून काढून परत गठ्ठ्यावर ठेवला.

समोर तीन उंच खुर्च्या. दोघे पुरुष मधोमध, गाणारी बाई कडेला. ती आता साठीच्या जवळची होती, आखूड पांढरे केस, जाड चष्मा. प्रश्न सगळे पुरुषांना. कुठलं मशिन वापरलंत, तो ठेका कसा सुचला, बेस कुठल्या खोलीत रेकॉर्ड केलात. तिला एकच प्रश्न आला, की इतक्या वर्षांनी आवाज कसा जपला. कुणीतरी 'कामा'बद्दल विचारलं. त्या दोघांतला उंच म्हणाला, "आम्ही कधी शोध घेतलाच नाही. तिला काय म्हणायचंय हे कळलं असतं तर जादू गेली असती. न कळण्यातच ते सौंदर्य आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझा हात आधीच वर होता. सूत्रसंचालन करणारा मुलगा मला बघून न बघितल्यासारखं करत होता. मग मी हात खाली केला आणि नुसतीच उभी राहिले.

"मला कळतं ती काय म्हणते," मी मोठ्याने म्हणाले. "मी तिच्याच भागातली आहे. सांगू?"

"वेळ जरा कमी आहे," मुलगा म्हणाला.

"दोनच ओळी आहेत."

आणि मी म्हटल्या. मला गाता येत नाही. पुण्यापासून लपवत आलेली बोली मी ब्रुकलिनच्या दुकानात उघड्या गळ्याने बोलले, मग इंग्रजीत एकेका शब्दाचा अर्थ सांगितला. पाळणा, रिकामा, दोरी, लेकरू, काळी माती. "कामा असा शब्द यात नाही," मी सांगितलं. "तो तुम्ही कापून तयार केलाय. हे मेलेल्या बाळासाठी गायलेलं आहे. यावर गाड्या विकू नका. तो टी-शर्ट विकू नका."

दोघातिघांनी टी-शर्टच्या गठ्ठ्याकडे वळून पाहिलं. क्षणभर मला वाटलं, पोचलं.

मग तो उंच पुरुष मान हलवत म्हणाला, "वॉव. म्हणजे हे आम्हाला वाटलं होतं त्याहून डार्क आहे. आय लव्ह इट."

आणि माझ्या मागचा एक माणूस, चेहरा अगदी सज्जन, मला म्हणाला, "तुम्ही ते परत एकदा म्हणाल का? माझा फोन काढायचा राहिला."

मुलीने माझं कोपर घट्ट धरलं नसतं तर मी काय केलं असतं देव जाणे. सूत्रसंचालक घाईघाईने पुढच्या प्रश्नावर गेला. पुढचा प्रश्न पुन्हा मशिनचा होता.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही निघालो होतो, तेवढ्यात ती गाणारी बाई गर्दीतून आमच्याकडे आली. तिचे डोळे लाल होते. "त्यांनी मला सांगितलं होतं की हे शृंगाराचं आहे," ती म्हणाली. "मी तसंच गायले. तिच्या आवाजावर माझा आवाज ठेवून, तसाच, उसासे टाकत. इतकी वर्षं." तिने मला दोन्ही ओळी पुन्हा म्हणायला लावल्या, या वेळी अगदी हळू, आणि प्रत्येक शब्द स्वतः म्हणून बघितला. 'पायना' तिला नीट जमला. "ते बाळ मुलगा होतं का मुलगी?" तिने विचारलं. मी म्हटलं, लेकरू म्हणजे दोन्ही असू शकतं, ती सांगत नाही. मग ती म्हणाली, "तिचं नाव काय असेल?" एवढ्या मोठ्या दुकानात हा प्रश्न विचारणारी ती एकटीच होती.

संध्याकाळी आम्ही कार्यक्रमाला गेलो. तिकिटं आधीच काढली होती. 'कामा'ची पाळी आली तेव्हा ती माईकपाशी आली आणि म्हणाली, "हे गाणं सुरू करण्याआधी मला सांगायचंय की ही कोण बाई आहे आणि ती काय म्हणते. आज दुपारी मला—" एवढ्यात मागून ढोल सुरू झाला. चुकून नाही. मी त्या उंच माणसाला मशिनवर हात ठेवताना पाहिलं. ठेका पडल्याबरोबर हजारो लोक आनंदाने ओरडले आणि तिचे ओठ नुसते हलत राहिले. ती थोडा वेळ बोलत राहिली, मग थांबली. तिने आपला भाग गायला नाही. गाणं संपेपर्यंत हात खाली सोडून, मान वाकवून उभी राहिली. लोकांना तो नाटकाचा भाग वाटला. आमच्या शेजारची मुलगी म्हणाली, "सो पॉवरफुल!"

पुढच्या शहरांतले व्हिडिओ मुलीने शोधून काढले. तिथेही ती त्या गाण्यात गप्प उभी होती. मग एक दिवस जाहीर झालं की तब्येतीच्या कारणाने तिने दौरा सोडला आहे. तब्येतीचं कारण! दौरा थांबला नाही. त्यांनी तिचा जुना आवाज मशिनमधून लावला. म्हणजे आता मंचावर दोन पुरुष उभे राहतात आणि दोन बायकांचे आवाज डब्यातून येतात, आणि या सगळ्याला त्या ग्रुपची पंचवीस-तीस वर्षांची कारकीर्द म्हणतात. लोक उठून उभे राहून टाळ्या वाजवतात.

सोहळ्यानिमित्त पहिल्या सीडीची नवी आवृत्ती निघाली. मी विकत घेतली नाही, दुकानात उभ्याने आतला कागद वाचला. 'कामा' च्या खाली छापलंय, 'पारंपरिक, गायिका अज्ञात'. मी पुन्हा लिहिलं. या वेळी माणसाने लिहिलेलं उत्तर आलं. तुम्ही त्या ध्वनिमुद्रणाच्या हक्कदार आहात का, असल्यास पुरावा पाठवा. मी उलट लिहिलं की मी हक्क मागत नाही. एवढंच छापा की ती मराठी बोलते आणि तिचं बाळ गेलंय. त्याला उत्तर नाही.

नवरा म्हणतो, किती मागे लागशील. आई अकोल्याहून फोनवर विचारते, साहेबाने काही केलं का. माझ्या मुलीला मराठी धड वाचता येत नाही, पण ती गाण्यांचे शब्द लिहून ठेवणाऱ्या त्या मोठ्या वेबसाइटवर गेली आणि 'कामा'खालचा तो सगळा कचरा पुसून तिने आमच्या दोन ओळी आणि खाली अर्थ टाकला. दोन दिवसांत तो काढला गेला. कारण दिलं होतं, 'सोर्स नाही'.

"सोर्स काय देऊ?" तिने मला फोन करून विचारलं. मी म्हटलं, लिही, 'माझ्या आजीने स्वतः ऐकलं'. तेही काढलं. मग मीच खातं उघडलं. त्यांनी काढलं की मी परत टाकते. एकदा त्यांनी मला ताकीद दिली, एकदा आठवडाभर बंदी घातली. बंदी संपल्यावर मी परत टाकलं. काल दुपारी त्यांनी पुन्हा काढलं. आज लंचच्या वेळात, ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून, मी पुन्हा लिहिलं आहे.